मोजणीदार, वकील आणि चांदीच्या शेंब्या

ताई अमेरिकेहून आली की माय तिला दारातच विचारायची, "जायाचं कधी?"

पाणी विचारायच्या आधी हा प्रश्न. ताई बॅग खाली ठेवायची, पाया पडायची आणि मान वर न करता सांगायची, "तीन हप्ते आहेत, माय." मग माय म्हणायची, "मंग बॅग कायले उघडतं? राहू दे तशीच." सगळे हसायचे. ताईही हसायची. बॅग मात्र ती आली त्या दिवशी कधी उघडत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायची.

आम्ही अमरावतीला राहतो. माझं काम वजनकाट्यांचं. बाजार समितीत, जिनिंगमध्ये, किराणा दुकानात जे काटे असतात ते तपासायचे, दुरुस्त करायचे, कुठे हलके मारत असतील तर बरोबर करून द्यायचे. या कामामुळे किंवा मुळातच, मला अंदाजे काही सांगितलेलं आवडत नाही. बायको म्हणते, तुम्हाला मीठसुद्धा चवीपुरतं चालत नाही. माय आमच्याकडेच असते. तिवशाजवळ आमच्या गावी आठ एकर काळं रान आहे, त्यात कपाशी आणि तूर. ते आता बटईने दिलेलं आहे.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. अकोल्याला दिली होती. भाऊजींच्या मोठ्या भावाने त्यांना अमेरिकेत बोलावून घेतलं त्याला सोळा वर्षं झाली. दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यात एका लहान गावी ती राहते. भाऊजी गालिच्यांच्या कारखान्यात होते. मुलगा, सून, नात सगळे तिथलेच झाले. भाऊजींनी तिकडचं नागरिकत्व केव्हाच घेतलं. ताईने घेतलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "एका घरातून एक फितूर पुरे."

तिच्याकडे ग्रीन कार्ड होतं, आणि तेवढ्यावर तिचं चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी माय न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. ताई आली, तीन हप्ते राहिली, गेली. जाताना माय काही बोलली नाही, आणि त्याचाच ताईला घोर लागला. तिकडे पोचल्यावर तिने फोन केला. "भाऊ, मले एक अख्खं वर्ष पायजे मायजवळ. कमी नाई."

अडचण नियमाची होती. ग्रीन कार्डवाल्याने फार दिवस अमेरिकेबाहेर काढले तर परत जाताना विचारपूस होते, आणि वर्ष उलटलं तर कार्डच धोक्यात येतं. तिकडे नात होती, मुलगा होता, भाऊजींचं दुखणं होतं. ते दार बंद करून चालणार नव्हतं. पण ती तिकडची नागरिक झाली, तर इकडे हवं तितकं राहता येईल असं कार्ड भारत सरकार देतं. म्हणजे माहेरी येऊन निवांत राहायचं असेल तर आधी परदेशी व्हावं लागत होतं. मी हा हिशेब दोनदा तपासला. बरोबर होता.

नागरिक व्हायला परीक्षा असते. त्या वेळच्या नियमाप्रमाणे शंभर प्रश्नांची एक यादी मिळायची, त्यातले दहा साहेब तोंडी विचारायचा, सहा बरोबर आले की पास. ताईचं वय आणि तिथे राहिलेली वर्षं धरून तिला इंग्रजीची सूट होती. मराठीत उत्तरं द्यायची, दुभाषा आपला आपण न्यायचा. प्रश्न बरेचसे इतिहासाचे. कोण पहिला, कोणी काय लिहिलं, लढाई का झाली.

"तू शिकोव मले," ती म्हणाली. "हे शिकोवतात तं चिडतात. पोरगा शिकोवते तं मराठीच नाई येत त्याले."

"मला कुठे अमेरिकेचा इतिहास येतो?"

"तुले काटा येते नं दुरुस्त करता? मंग हे बी येईन."

असे आमचे वर्ग सुरू झाले. माझे सकाळचे सात, तिचे आदल्या रात्रीचे साडेनऊ. जेवणाच्या टेबलावर मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवायचा. माय समोरच्या खुर्चीवर चहा घेत बसायची. ती ऐकते आहे हे मला चार दिवसांनी कळलं.

आमच्या गावात माणसाला नावाने कोणी ओळखत नाही. नावं असतात, शाळेच्या दाखल्यावर असतात. पण बायकांनी नवऱ्याचं, सासऱ्याचं, जेठाचं नाव घ्यायचं नाही, लहानांनी मोठ्यांचं घ्यायचं नाही, मग उरतं काय? उरतं काम. लोहाराचा थोरला, पाणक्या, दिवाणजी, मास्तरीण. माझी माय लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या बोलण्यात कोणाचंच नाव नाही. त्यामुळे अमेरिकेचे मोठे लोक आमच्या टेबलावर आले तेही याच रीतीने आले. मी सांगितलं की त्यांचा पहिला राष्ट्राध्यक्ष तरुणपणी जमिनी मोजायचं काम करत होता. ताई लगेच म्हणाली, "म्हनजे मोजणीदार." झालं. तो मोजणीदार. ज्याने स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला, तो दिवाणजी. विजेच्या कडकडाटात पतंग उडवणारा, तो पतंगवाला. उत्तर-दक्षिणेच्या लढाईच्या वेळचा तो उंच, दाढीवाला राष्ट्राध्यक्ष पेशाने वकील होता, म्हणून तो वकील. आणि काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेला चर्चमधला तो वक्ता, त्याला तर दुसरं नावच सुचेना. कीर्तनकार.

मला ही पद्धत आवडली होती. ताईच्या लक्षात भराभर राहत होतं. माय मधे मधे चौकशा करायची.

"मोजणीदाराले लेकरं किती?"

"त्याला स्वतःचं मूल नव्हतं, माय."

"मंग वावर कोनाले गेलं?"

मी वाचून ठेवलं होतं. सांगितलं, की त्याच्याकडे जमिनीबरोबर शेकडो गुलाम होते, आणि जे त्याच्या मालकीचे होते त्यांना बायकोच्या पश्चात सोडून द्यावं असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं.

"मेल्यावर?" माय म्हणाली. "जित्तेपनी काहून नाई?"

दिवाणजीचं तर तिला अजिबात पटलं नाही. त्याने लिहिलं की सगळी माणसं सारखी, आणि घरी त्याच्याही गुलाम होते. माय बशीतला चहा संपवून म्हणाली, "लिवनं सोपं असते, बापू."

ताई तिकडे तोंडाला पदर लावून हसत होती. नात झोपली होती ना.

ऑगस्टमध्ये पहिली परीक्षा झाली. ताई नापास झाली.

दुभाषा म्हणून भाऊजींच्या ओळखीचा, पुण्याकडचा एक तरुण इंजिनिअर गेला होता. भला मुलगा. "काकू, घाबरू नका" म्हणत होता. पण त्याचं मराठी इतकं स्वच्छ, की ताईला तोंड उघडायची लाज वाटायला लागली. साहेबाने पहिलाच प्रश्न पहिल्या राष्ट्राध्यक्षाचा विचारला. ताई म्हणाली, "मोजणीदार."

त्या मुलाने जसंच्या तसं भाषांतर केलं. साहेब म्हणाला, बरोबर, पण नाव काय?

"भाऊ, मले तो मानूस दिसून राहिला होता," ताई मला नंतर सांगत होती. "साखळी घिऊन वावरातून चालून राहिला. पांढरे केस. नाव मात्र येईना. मंग दिवाणजीचं बी तसंच झालं. वकिलाचं बी." पाच चुकल्यावर साहेबाने तिथेच थांबवलं. साठ ते नव्वद दिवसांच्या आत पुन्हा एकदा बोलावणार होते. तेव्हाही चुकलं तर अर्ज संपला, सगळं पहिल्यापासून.

माय हे सगळं ऐकत होती. फोनकडे वाकून म्हणाली, "नाव घ्याले काय झालं तुले? तो का तुया सासरा होता?"

ताई आधी रडत होती, मग रडता रडता हसायला लागली. मला हसू आलं नाही. मला वाटत होतं, मीच खरं वजन सोडून पारड्यात दगड ठेवू दिला.

दुसऱ्या फेरीला मी शिस्त आणली. टोपणनावं बंद. नाव आधी, मग बाकीचं. ताई रोज सकाळी, म्हणजे तिच्या रात्री, नावं म्हणायची, आडनावासकट, लेकरू पाढे म्हणते तशी. मायला मी सांगितलं, तू मधे मोजणीदार म्हणू नको, तिचं बिघडते. माय दोन दिवस गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी चहा घेतलाच नाही. बायकोने मला आत बोलावून सांगितलं, "बोलू द्या त्यांना. लेकीचा आवाज ऐकायला बसतात त्या, इतिहास ऐकायला नाही." मी बाहेर येऊन म्हटलं, बोल माय, पण नाव घेऊन बोल. माय म्हणाली, "परक्या मानसाचं नाव या वयात घेऊ का?" पण चहा घेतला.

त्याच आठवड्यात उत्तर-दक्षिणेच्या लढाईचा प्रश्न आला. ती लढाई कशामुळे झाली त्याचं एक कारण सांगा. यादीत तीन उत्तरं चालत होती: गुलामगिरी, आर्थिक कारणं, राज्यांचे हक्क. मी म्हटलं, एकच लक्षात ठेव, गुलामगिरी.

ताई म्हणाली, "आपल्या घरी तं कापसाची लढाई म्हनतात."

हे खरं होतं. आमच्या घरात चांदीच्या दोन शेंब्या आहेत. शेंबी म्हणजे बैलाच्या शिंगाच्या टोकावर बसवतात ती टोपी. लोकांच्या पितळेच्या असतात, आमच्या चांदीच्या. पणजोबांच्याही बापाने केल्या असं सांगतात. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस यायचा बंद झाला, विलायतेच्या गिरण्या उपाशी बसल्या, आणि दलाल वऱ्हाडात गावोगाव फिरायला लागले. कापसाला असा भाव आला की आमच्या त्या पूर्वजाने बैलाच्या शिंगांवर चांदी चढवली. घरात त्यांचं नावच "अमेरिकेच्या लढाईची कमाई". बैल जाऊन ट्रॅक्टर आला तरी पोळ्याला त्या बाहेर निघतात. माय त्या चिंचेने घासते, मातीच्या बैलापुढे ठेवते, नैवेद्य दाखवते. लहानपणी आम्हाला वाटायचं, अमेरिका म्हणजे कोणीतरी चांगला मामा असावा. लढाई केली आणि आपल्याला चांदी पाठवली.

मी ताईला सनावळी सांगितली. लढाई १८६१ ते १८६५. बडनेऱ्याकडे आगगाडी आली ती त्याच काळाच्या आगेमागे, कापूस न्यायलाच. लढाई संपली तसा भाव कोसळला, पण ते आपल्या घरच्या गोष्टीत कोणी सांगत नाही. आणि आज आपल्या वावरात जी कपाशी उभी आहे तिची जातसुद्धा मूळ अमेरिकेकडचीच.

"म्हनजे तिकडं जे पराटी होती," ताई म्हणाली, पराटी म्हणजे कपाशीचं झाड, "ते कोन वेचे?"

"गुलाम. विकत घेतलेली माणसं."

तिने झोप आली म्हणून फोन ठेवला. 

दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन विषय काढला. ती भाजी आणायला जाते त्या रस्त्यावर कपाशीची वावरं आहेत. इतकी वर्षं पाहत होती. "भाऊ, इथं वावरात मानूसच नाई दिसत. काहीतरी फवारतात, पानं सारी गळून जातात, नुसता पांढरा कापूस उभा राह्यते. मंग एक मोठी मशीन येते अन् गोल गोल गठ्ठे टाकत जाते. पिवळ्या प्लास्टिकमदले. मले आतापर्यंत वाटे, काय चांगलं काम आहे. काल गाडी थांबोवली मी तिथं. तुया भाऊजीले म्हनलं थांबा जरा. म्हनलं, इथंच असतीन नं ते."

"कोण?"

"वेचनारे. इथंच आसतीन. हेच वावर आसन."

ताई शाळेत असताना हट्टाने वेचायला जायची. कमरेला लुगड्याचा तुकडा बांधून त्याची ओटी करायची आणि बायांबरोबर एकेक तास, म्हणजे ओळ, धरायची. बोंडाची वाळलेली टोकं नखांजवळ घुसतात. बाया तिच्या बोटांकडे पाहून म्हणायच्या, "मालकाची पोरगी आहे, दोन दिसांत घरी बशीन." ती चार दिवस टिकायची. संध्याकाळी काट्यावर तिचा कापूस सगळ्यात हलका भरायचा. तो काटा धरायला बाबांच्या शेजारी मी उभा असायचो. मला त्यातलं आठवतं ते काट्याचं. ताईला बोटं आठवतात.

"मंग माय," तिने फोनमधूनच विचारलं, "आपल्या शेंब्या झाल्या तवा आपल्या वावरात कोन वेचे?"

"वेचत असतीन गावातल्या बाया. अजून कोन?"

"त्याइले काय भेटलं मंग?"

माय माझ्याकडे पाहायला लागली. हिशेबाचा प्रश्न आला की घरात सगळे माझ्याकडे पाहतात. माझ्याकडे आकडा नव्हता. शेंब्यांचं वजन मला ग्रॅममध्ये पाठ आहे, मी स्वतः केलेलं आहे. पण त्या बायांना काय मिळालं, भाव चढला तेव्हा त्यांची मजुरी चढली का, हे आमच्या घरात कोणी कोणाला सांगितलेलं नाही. पोथीसारखी चालत आलेली गोष्ट, पण त्यात वेचणारं कोणी नाहीच. कापूस आपोआप वेचला गेला, भाव आला, चांदी झाली.

माय शेवटी म्हणाली, "मले काय मालूम? चांदी आली एवढं मालूम." आणि वॉकर ओढून आत गेली.

मी ताईला बजावलं. हे सगळं ठीक आहे, पण परीक्षेत कापूस म्हणायचं नाही. यादीत कापूस नाही. गुलामगिरी म्हण आणि पुढे चाल.

"बरं," ती म्हणाली. तिचं हे "बरं" मी लहानपणापासून ओळखतो. ते होकाराचं नसतं.

नोव्हेंबरात त्यांनी त्यांची घड्याळं एक तास मागे घेतली, आमचा साडेनऊ तासांचा फरक साडेदहाचा झाला. परीक्षा सकाळी आठला होती, म्हणजे माझे संध्याकाळचे साडेसहा. त्या दिवशी मी अकोल्याला होतो. एका जिनिंगच्या आवारात गाड्या तोलायचा मोठा काटा बंद पडला होता. हंगाम नुकता लागलेला. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, गाडीवाले कंटाळलेले, आत कापसाचा डोंगर. मी खड्ड्यात उतरून काम करत होतो, पण मोबाइल काढून वरच्या कठड्यावर ठेवला होता.

"काका, कोनाचा फोन यायचा आहे काय?" एक ड्रायव्हर म्हणाला. "दर दोन मिनिटानं मुंडकं वर काढून राहिले."

"बहिणीची परीक्षा आहे."

"या वयात? कायची?"

"अमेरिकेच्या इतिहासाची."

त्याने माझ्याकडे आणि बंद काट्याकडे पाहिलं. मग बाकीच्यांना म्हणाला, "काटा आज होत नाई, जेवून घ्या रे."

फोन आला तेव्हा काटा सुरू झाला होता. मी पहिली गाडी चढवली होती. ताईचा आवाज ऐकला आणि कळेना, रडते आहे की काय.

तिने सगळं क्रमाने सांगितलं. क्रमाने सांगितलेलं मला आवडतं हे तिला माहीत आहे. पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं नाव विचारलं, तिने आडनावासकट सांगितलं. जाहीरनामा कोणी लिहिला, सांगितलं. गुलामांना मुक्त केल्याचा हुकूम कोणी काढला, सांगितलं. कीर्तनकाराने काय केलं, तेही आलं. मधे एक समुद्राचा प्रश्न चुकला, दोन राज्यघटनेचे चुकले, एक बरोबर आला. पाच बरोबर, तीन चूक. मग साहेबाने विचारलं, लढाई कशामुळे झाली त्याचं एक कारण सांगा.

"अन् तू म्हणालीस गुलामगिरी."

"मी म्हनलं, कापूस."

 मागे ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"पुन्याच्या त्या पोरानं माह्याकडं पाह्यलं," ताई सांगत होती. "त्याले उत्तर मालूम होतं नं. त्यानं इचारलं बी नाई, काकू बदलता का म्हनून. बदलोवलं असतं तं चाललं नसतं. त्यानं साहेबाले सांगतलं, कॉटन. साहेबानं वर पाह्यलं. तो काळाच मानूस होता, भाऊ, म्हातारा, आपल्या बाबाइतका. त्यानं इचारलं, कॉटन म्हनजे काय म्हनायचं तुमाले? मी म्हनलं, कापूस वेचाले मानसं विकत घेतली होती. मजुरी नाई, सुट्टी नाई, लेकरं बी विकत. मी म्हनलं, साहेब, मी वेचला आहे कापूस. चार दिवस. चार दिसात बोटं सुजतात. त्याइनं जलमभर वेचला. म्हनून लढाई झाली."

"मग?"

"पोरानं सारं सांगतलं त्याले. एक शब्द नाई गाळला, मले बाहेर आल्यावर सांगतलं त्यानं. साहेबानं कागदावर टिक केली अन् पेन खाली ठेवला. म्हने, सहा झाले."

मी तिला म्हटलं, तू फार मोठा धोका घेतला होतास. पुढे एकच प्रश्न शिल्लक होता, तो तुला येईलच याची काय खात्री होती? सरळ उत्तर पाठ होतं.

"मले मालूम आहे, भाऊ," ती म्हणाली. "पन तेच आलं तोंडात. रोज तिथून जाते नं मी."

गाड्यांची रांग हलायला लागली. मी प्रत्येक गाडी नीट तोलून पाहिली. काटा बरोबर होता. त्या ड्रायव्हरने जाताना काच खाली केली. "झाली का पास?" मी मान हलवली. "चांगलं झालं," तो म्हणाला. "आता इकडला बी शिकवा तिले, इसरली आसन."

पुढे शपथ झाली. तिचा भारताचा पासपोर्ट रद्दचा शिक्का घेऊन परत आला, तो तिने मला फोनवर दाखवला आणि बाजूला ठेवला. भाऊजी मागून म्हणाले, "आता दोन फितूर झाले." त्यावर ती हसली नाही. नवा पासपोर्ट, भारताचं ते कार्ड, सगळं हातात यायला पुढचा पावसाळा उजाडला. दिल्लीच्या विमानतळावर ती परदेशी पासपोर्टवाल्यांच्या रांगेत उभी राहिली. रांग लहान होती, लवकर सुटली, असं तिने सांगितलं. 

मी तिला नागपूरहून घेऊन आलो. तिवशाला चहा घेतला. दोन्ही बाजूंना पराटी गुडघ्याएवढी झाली होती. घरी आलो तर माय वॉकर धरून दारातच उभी. तिने नेहमीप्रमाणे विचारलं.

"जायाचं कधी?"

ताई पाया पडली. वर पाहून म्हणाली, "तूच सांग."

 इतक्या वर्षांत हा प्रश्न मायनेच विचारलेला. ती वॉकर वळवायला लागली, वळवता येईना, मग बायकोला म्हणाली, "पानी दे वो तिले आधी." आणि ताईला, "बॅग ठुव आत. कपडे काढ त्यातले, चुरगळतात."

थोड्या दिवसांनी पोळा आला. मायने शेंब्या चिंचेने घासल्या. घासून झाल्यावर मातीच्या बैलापुढे न ठेवता जरा वेळ हातातच धरल्या.

"ज्याइनं वेचला, त्याइच्या घरी काय झालं आसन वं?" ती ताईला म्हणाली.

"कोनाले मालूम, माय. आपन इचारलंच नाई कोनाले."

मायने शेंब्या ठेवल्या. नैवेद्य दाखवला. मग एका पुरणपोळीवर तूप घालून ती वेगळी काढली आणि बायकोला म्हणाली, ही वावरात वेचायला येणाऱ्या बायांपैकी कोणाकडे तरी पाठव. बायकोने विचारलं, "कोणाकडे नेमकी? नाव सांगा." मायला कोणाचंच नाव येत नव्हतं. शेवटी बायकोने पंधरा पोळ्या करायला घेतल्या. संध्याकाळी मी आणि ताई त्या गावात देऊन आलो. ताईने दारोदार नावं विचारली आणि घरी येऊन मायला सांगितली. मायने ती ऐकून घेतली. एकही म्हटलं नाही, पण ऐकून घेतली.

आता डिसेंबर आहे. सकाळी सातला टेबलावर आता मोबाइल लागत नाही. ताई मायच्या शेजारी बसते, तिच्या पायांना तेल लावते. परीक्षा झाली, पण मायला पुढचं हवं असतं. यादीतलं संपलं तेव्हा ताई नातीच्या शाळेच्या पुस्तकातलं सांगायला लागली. परवा मी कामाला निघालो होतो तेव्हा बसमधल्या बाईची गोष्ट चालली होती. काळी बाई, शिवणकाम करून घरी निघालेली, बसमध्ये बसली होती. गोऱ्या माणसासाठी जागा सोड म्हणून ड्रायव्हरने तिला सांगितलं.

"शिवणवाली," माय म्हणाली.

"नाव सांगू का तिचं?"

"राहू दे. मंग? उठली का ते?"

"नाई उठली."

"बरं केलं," माय म्हणाली. "आता दुसरा पाय घे. अन् हळू, दुखते तो."